फुरसत कोणाच्या मालकीची?

(मनोर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर महागाई, वनहक्क, कंत्राटी कामगार असे विषय आहेत. त्यांच्या पंक्तीत माझा विषय काहीसा उपरा वाटण्याचा संभव आहे. समुद्राकाठच्या एका बहुभाषी, बहुधर्मी महानगरात माणसे रोज कशी जगतात आणि कामाचा जू मानेवरून उतरल्यावर उरलेल्या वेळाचे काय करतात, याचा विचार कार्यकर्त्याने कशासाठी करावयाचा? पोटाचा प्रश्न आधी सुटू द्या, करमणुकीचे मग पाहू, अशी एक समजूत आपल्या चळवळीत फार पूर्वीपासून रूढ आहे.

आपल्या घटनाकारांना ही समजूत मान्य नव्हती. राज्यघटनेचे ४३ वे कलम आपण काढून पाहावे. कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे एवढे सांगून ते कलम थांबत नाही. समाधानकारक जीवनमान, फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी त्याला मिळवून देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. वेतन आणि फुरसत ही तेथे एकाच वाक्यात नांदतात. मार्गदर्शक तत्त्वांवर न्यायालयात दाद मागता येत नाही, हे खरे. परंतु ज्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही, त्यावर लोकांकडे दाद मागावयाची असते आणि ते काम पक्षाचे असते. म्हणून हा विषय या वर्गात आला, यात काही वावगे झाले असे मला वाटत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एखादी वस्तू समजून घ्यावयाची झाली तर तो प्रथम विचारतो, ही वस्तू कशापासून बनते? फुरसत तीन गोष्टींपासून बनते. पहिली वेळ, दुसरी जागा आणि तिसरी संगत. वेळ आहे पण पाय मोकळे करावयास जागा नाही, अशा माणसाचा वेळ त्याच्या अंगावर येतो. वेळ आणि जागा दोन्ही आहेत, पण आपल्याच जातीच्या नि धर्माच्या चार डोक्यांखेरीज कोणी भेटत नाही, तेथे मन आखडते. या तिन्ही गोष्टी मुंबईच्या श्रमिकांनी शंभर वर्षांत झगडून मिळवल्या आणि गेल्या चाळीस वर्षांत त्या एकेक करून त्यांच्या हातून गेल्या. मनोरमध्ये बसून मुंबईची ही कहाणी ऐकण्याचे प्रयोजन असे की, तीच कहाणी आता महामार्गाने आपल्या दारापर्यंत आलेली आहे.

मुंबईचा आणि आपला संबंध नवा नाही. वैतरणेच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर पूर्वी मनोरपर्यंत गलबते येत असत. पुढे १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली आणि २०१३ साली ही लोकल डहाणूपर्यंत आली. याच वैतरणेवर वरच्या अंगाला १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अपर वैतरणा आणि २०१४ साली मध्य वैतरणा ही धरणे झाली. त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावात पोरे सूर मारतात, तेव्हा मुंबईकरांच्या त्या विरंगुळ्यात आपल्या खोऱ्याचा वाटा असतो. तो वाटा देण्याविषयी आपली तक्रार नाही. बदल्यात आपल्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मात्र आपण विचारलाच पाहिजे.

आता पहिली गोष्ट, वेळ. रविवारची सुट्टी ही आपल्याला सूर्यचंद्रांइतकी स्वाभाविक वाटते. ती कोणी देऊ केलेली नव्हती, ती मिळवलेली आहे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्या काळी गिरण्या उजेड असेपर्यंत चालत आणि आठवड्याची सुट्टी अशी नसे. रविवार हा खंडोबाचा वार आहे, तो आम्हांस मोकळा द्या, हा मागणीचा एक आधार होता. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास साठांवर आले, १९३४ च्या कायद्याने चोपन्नांवर आले, आणि डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडल्या गेलेल्या विधेयकाने १९४६ साली अठ्ठेचाळीसांवर आले. एक तास कमी करून घेण्यासाठी कामगारांच्या पिढ्या खर्ची पडल्या, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हा मिळालेला वेळ गिरणगावाने कसा वापरला ते पाहण्यासारखे आहे. कोकणातून आलेले कामगार नमन नि शक्ती-तुऱ्याचे फड रंगवीत, घाटावरचे कामगार भजनी मंडळे चालवीत, गल्लीगल्लीत लेझीम आणि कबड्डीची मंडळे निघत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचे पोवाडे आणि लोकनाट्ये ऐकावयास माणसे रात्र रात्र बसत. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी वाचनालये आणि रात्रीच्या शाळा चालवल्या. लीगच्या परळच्या दामोदर नाट्यगृहात पाळी संपवून आलेला कामगार तोंडाला रंग लावून उभा राही. १९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला, त्यातून वस्त्यांत कल्याण केंद्रे झाली आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. सेवा दलाच्या सायंशाखा मैदानांवर भरत आणि कलापथके गावोगाव फिरत, हेही आपल्यापैकी जुन्या मंडळींना सांगावयास नको. या साऱ्या उद्योगात एक गोष्ट समान आहे. येथे करमणूक विकत घेतली जात नव्हती. ती करणारा आणि पाहणारा एकाच चाळीतले असत.

दुसरी गोष्ट, जागा. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसांनी पाळ्या लावून झोपावयाचे, अशी ज्या शहरातील बहुसंख्यांची स्थिती होती, त्या शहरात मैदान आणि समुद्रकिनारा ही चैन नव्हती. ती घराचीच उरलेली खोली होती. गिरगावच्या चौपाटीवर भेळ खाणारा, वाळूत पाय पसरून बसणारा, लोकमान्यांच्या पुतळ्याखाली भाषण ऐकणारा माणूस कोणत्याही दाराशी तिकीट दाखवून आत आलेला नसे. आझाद मैदानावर एकाच वेळी बावीस खेळपट्ट्यांवर सामने चालतात, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाशेजारी उभा असतो आणि तरीही खेळ पुरा होतो. १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग याच मैदानांवर वाढली. दादरच्या शिवाजी पार्कचे सुमारे अठ्ठावीस एकर मोकळे राहिले म्हणून तेथे एका कडेला मल्लखांब, एका कडेला क्रिकेट, मधे जाहीर सभा, नवरात्रात बंगाली मंडळींची दुर्गापूजा आणि चोहोबाजूंनी कट्ट्यावर बसलेले वृद्ध, अशी सगळ्यांची सोय झाली.

अर्थात या शहराचा समुद्र सर्वांना सारखा खुला होता असे चित्र रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही कित्येक वर्षे युरोपियनांपुरता राखीव होता. मरीन ड्राइव्हच्या कडेला पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना असे ओळीने उभे आहेत. सरकारने समुद्राकाठची मोक्याची जमीन धर्मवार वाटून दिली, त्याची ही खूण होय. क्रिकेटचे सामनेही तसेच होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’ अशा पाच संघांची पंचरंगी स्पर्धा मुंबईत भरत असे आणि तिला अलोट गर्दी लोटत असे. १९४० साली गांधीजींनी तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली. १९४६ मध्ये ती कायमची बंद पडली आणि प्रांतवार संघांचे क्रिकेट उरले. तिच्या इतिहासातील एक गोष्ट मात्र आपण जपून ठेवावी. हिंदू संघाचा मोठा गोलंदाज पळवणकर बाळू हा जातीने अस्पृश्य मानला गेलेला. त्याला कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल मात्र १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि संघ जिंकला. मैदानात ज्याच्या हातून चेंडू घ्यावयाचा त्याच्या हातचा चहा का चालत नाही, हा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकांपुढे खेळानेच उभा केला होता.

तिसरी गोष्ट, संगत. मुंबईच्या मिश्र संस्कृतीविषयी सध्या फार गोड लिहिले जाते. जणू काही त्या शहरातील माणसे जन्मतःच उदार असतात! वस्तुस्थिती अशी की, माणसे एकत्र आली ती एका गाडीत, एका बाकावर आणि एका जत्रेत आली म्हणून. माहीमला जाऊन पाहा. शीतलादेवीचे देऊळ, मखदूम शाह बाबांचा दर्गा आणि सेंट मायकेलचे चर्च ही पायी फिरण्याच्या अंतरावर आहेत. चर्चमधील बुधवारच्या नोव्हेनाला ख्रिस्ती नसलेली माणसेही मेणबत्ती घेऊन रांगेत उभी असतात. दर्ग्याच्या डिसेंबरातील उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा भरते, तिला कोळी, ईस्ट इंडियन, गुजराती, मराठी सारेच जातात. इराण्याच्या हॉटेलात एका कपावर तासभर बसता येत असे आणि शेजारच्या खुर्चीवर हमाल बसला आहे की वकील, हे पाहिले जात नसे. या रोजच्या, किरकोळ, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या सहवासातून ओळख होत होती. प्रवचनांनी ती झाली नसती.

ही संगत किती नाजूक होती ते १९९२-९३ च्या दंगलींनी दाखवले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मारली गेली. त्यानंतर पुष्कळ कुटुंबे आपापल्या धर्माच्या वस्तीत राहावयास गेली. मुंब्र्यासारखी उपनगरे त्यातून फुगली. अनेक गृहनिर्माण संस्थांत कोणाला घर द्यावयाचे याचे अलिखित नियम ठरले. शेजार तुटला की मुले एका मैदानावर येत नाहीत. मैदान तुटले की तरुणाची दुसऱ्या धर्माविषयीची सारी माहिती हातातल्या मोबाइलवरून येते, आणि ती कोण पाठवतो हे आपण जाणताच. जातीय विष उतरवण्याचा विचार करताना आपण व्याख्याने आणि पत्रके यांचा हिशोब ठेवतो. मैदानांचा हिशोबही ठेवला पाहिजे.

आता या तिन्ही गोष्टी गेल्या कशा, ते पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही, तो विरून गेला. गिरण्या बंद पडत गेल्या, जमीन उरली. मुंबईच्या ऐन मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीच्या विकासासाठी एक न्याय्य म्हणता येईल अशी वाटणी सुचवली होती. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न करता, ज्या भागावर मूळचे बांधकाम नाही तेवढ्याचीच करावयाची, असे ठरले. गिरणीची बहुतेक जमीन बांधकामाखालीच होती. साहजिकच लोकांच्या वाट्याला चतकोर आला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निर्णय दिला, २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका दुरुस्तीने, एका शब्दाच्या अर्थाने, कामगारांच्या मुलांची मैदाने गेली. अर्थकारणात शब्दांना एकरांची किंमत असते ती अशी.

त्या जमिनीवर काय उभे राहिले? लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या, उपाहारगृहे आणि मद्यालये आली. म्हणजे करमणुकीची जागा तेथे झालीच, पण ती खिसा पाहून आत घेणारी झाली. २०१७ हे वर्ष या दृष्टीने विसरता येण्यासारखे नाही. त्या वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन कामाला निघालेली २३ माणसे मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, तेथून जवळच कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या मद्यालयाला आग लागली आणि मौज करण्यास आलेली १४ माणसे मेली. दोन्हींकडची माणसे आपलीच होती, दोन्ही मरणे टाळता येण्यासारखी होती. माणसांना मोकळे चालण्यास आणि सुरक्षित बसण्यास जागा ठेवावी, हा विचार ज्या शहराने सोडला, तेथे श्रीमंताची मौजही सुरक्षित राहत नाही.

मित्रहो, आता आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू. वेळ चोरला जाणे म्हणजे काय, हे या मातीला मुंबईच्याही आधी ठाऊक होते. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या चार पैशांच्या फेडीसाठी वारली तरुण जन्मभर त्याच्या घरी राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. आनंदाचा एक दिवस साजरा करावयाचा आणि त्यापायी पुढचे सारे दिवस गहाण टाकावयाचे, असा तो व्यवहार होता. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणूच्या आदिवासींनी वेठ नाकारली. तो लढा मजुरीचा होता तसाच स्वतःच्या वेळावरील मालकीचाही होता. लोखंड्यांचा रविवार आणि वारल्यांचा वेठबिगारीला नकार ही एकाच लढ्याची दोन पाने आहेत, असे मी मानतो.

आणि या लोकांची फुरसत कशी होती? पीक घरात आल्यावर रात्री तारपा वाजू लागतो. वाजवणारा मधोमध असतो, त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून फेर धरतात. त्यात प्रेक्षक असा कोणी उरत नाही. डहाणूजवळच्या महालक्ष्मीची चैत्रातील यात्रा, जव्हार-मोखाड्याकडचा मुखवट्यांचा बोहाडा, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची नारळी पौर्णिमा, अशी आपल्या जिल्ह्याची फुरसत ऋतूंनी आखून दिलेली होती. येथेही वस्ती काही एकरंगी नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी, किनाऱ्यावर मांगेले, वाडवळ आणि भंडारी, मनोरातील मुसलमान, डहाणूच्या चिकूवाड्यांतील इराणी आणि पारशी, वसईचे ख्रिस्ती, आणि आता बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार. मुंबईविषयी जे कौतुक केले जाते ते सारे आपल्याकडेही आहे. त्याला एकत्र बसण्यास ओटा मात्र मिळालेला नाही.

मिळालेले काय आहे? १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या माणसांना समुद्रापासून दूर नेऊन वसवले गेले. बोईसरला औद्योगिक वसाहत झाली. तेथे कामगारांच्या खोल्या पुष्कळ आहेत, संध्याकाळी त्यांनी बसावे अशा जागा शोधाव्या लागतात. महामार्गाच्या दुतर्फा आणि केळव्याच्या बाजूला शहरी पाहुण्यांसाठी रिसॉर्टे झाली, त्यांच्या भिंतीवर वारली चित्रे आहेत आणि आदिवासी मुले तेथे ताटे उचलतात. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. परंतु लग्नघरी स्त्रियांनी मिळून चौक लिहावयाचा, ही ज्या कलेची मूळ फुरसत, ती आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची सजावट होऊ लागली आहे. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढावयाचा आहे. मच्छीमारांच्या रोजगाराचा प्रश्न त्यात सर्वांत मोठा आहे आणि त्यावर आपली भूमिका स्वतंत्रपणे मांडली गेली पाहिजे. मी आजच्या विषयापुरते एवढेच विचारतो की, या किनाऱ्यावर उद्या सामान्य माणसाला नुसते जाऊन बसता येईल काय?

वेळाच्या आघाडीवरही माघार सुरू झालेली आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि कामगाराची संमती लागेल, असे समर्थनार्थ सांगितले जाते. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नाव रोज सकाळी चढते नि रोज संध्याकाळी उतरते, त्याच्या संमतीला काय अर्थ आहे, हे बोईसरच्या नाक्यावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारावे. साधे गणित करू. बारा तास काम, जाण्यायेण्यात दोन तास, झोप सात तास. उरले तीन. त्यात अंघोळ, स्वयंपाक, जेवण आणि मुलाचे तोंड पाहणे. मनोरहून एस.टी.ने पालघर गाठून पुढे दोन तासांची लोकल पकडणाऱ्याचे गणित तर मांडावयासच नको. केन्सने १९३० साली असा अंदाज वर्तवला होता की, शंभर वर्षांनी माणसाला आठवड्यातून पंधरा तास काम पुरेल. त्या मुदतीला आता थोडी वर्षे उरली. यंत्रांनी उत्पादन वाढवले, हे केन्सचे म्हणणे खरे ठरले. वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा होणार, हा प्रश्न त्याने विचारला नव्हता. तो समाजवाद्यांनी विचारावयाचा आहे.

आणि स्त्रियांचे काय? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत असे दिसले की, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, आणि पुरुष ९७ मिनिटे. गिरणगावात पुरुष भजनाला नि नाटकाला बसत, तेव्हा खाणावळी चालवणाऱ्या बायका दुसऱ्या दिवसाच्या भाकऱ्यांचे पीठ मोजत असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्यांच्या श्रमाला प्रथम नाव मिळाले. आपल्या पाड्यांवर आजही उन्हाळ्यात पाण्याच्या हंड्यामागे बाईचा दिवस जातो. ज्या खोऱ्याचे पाणी महानगरांना जाते, त्या खोऱ्यातील बाईला पाण्यासाठी वणवण करावी लागावी, यात तिची फुरसत आपण दोनदा हिरावून घेतो. एकदा धरणाने आणि एकदा घरातल्या पुरुषांनी. पहिल्या अन्यायाविरुद्ध मोर्चा काढावा लागेल. दुसऱ्यासाठी मोर्चाची गरज नाही.

मग आपण काय करावयाचे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचतात.

पहिली, बारा तासांच्या दिवसाला विरोध. हा प्रश्न केवळ संघटित कामगारांचा मानू नये. रिक्षावाला, दुकानातील पोऱ्या, घरकाम करणारी बाई, सामान पोहोचवणारा मुलगा, सर्वांना तो समजावून सांगावा. आठ तासांच्या मागणीने एकेकाळी सारा श्रमिक वर्ग एकत्र आला होता, आजही येऊ शकेल.

दुसरी, जागेची नोंद. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला काही अधिकार दिले आहेत. गावातील खेळाचे मैदान, तारप्याची जागा, यात्रेची जागा, तळे, किनाऱ्याची वाट, यांची यादी ग्रामसभेने ठरावाने करावी आणि त्यांची नोंद गावदप्तरी करून घ्यावी. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग प्रकरणात सर्व राज्यांना दिलेला आहे. तो आपल्या हाताशी असावा. गिरण्यांच्या जमिनीच्या बाबतीत नियम बदलल्यावर लोक जागे झाले. आपण आधी जागे व्हावे.

तिसरी, बसण्याच्या जागा. प्रत्येक मोठ्या गावात एक वाचनालय, एक सभागृह आणि एक पाळणाघर असले पाहिजे. पाळणाघराचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण त्यावाचून वाचनालयात स्त्री येणार नाही. कामगार कल्याण निधीत कामगारांची वर्गणी जाते, त्यातून बोईसरच्या कंत्राटी कामगाराला काय मिळते, याची माहिती कार्यकर्त्यांनी मागवावी.

चौथी, संगत. बिहारचा कामगार छठच्या दिवशी पाण्याच्या काठी एकटा आपल्याच लोकांत उभा राहतो, मांगेला नारळी पौर्णिमेला आपल्याच लोकांत नाचतो, वारली आपल्या पाड्यावर. आपल्या कार्यकर्त्यांनी या तिन्ही ठिकाणी जावे, आणि एकाला दुसऱ्याकडे घेऊन जावे. कबड्डीचे सामने भरवावयाचे झाले तर संघ जातवार, पाडावार न पाडता मिश्र पाडावेत. हे काम लहान वाटेल. निवडणुकीच्या धामधुमीत त्याकडे लक्षही जाणार नाही. पण अफवा उठते त्या रात्री दुसऱ्या वस्तीत ज्याच्या ओळखीचे एक घर असते, तोच कार्यकर्ता मधे उभा राहू शकतो.

शेवटी एवढेच सांगतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पालघरला गोळीबारात पाच माणसे हुतात्मा झाली. त्यांचा स्तंभ आज भर चौकात आहे. त्याच्याभोवती गर्दी वाहत असते, कोणी बसत नाही, कारण बसण्यास जागाच नाही. ज्या माणसांनी मोकळ्या देशासाठी प्राण दिले, त्यांच्या जिल्ह्यात श्रम करणाऱ्याला संध्याकाळी मोकळे बसता यावे, ही मागणी फार मोठी नाही. आपण ती संकोच न करता, भाकरीच्या मागणीबरोबर आणि तितक्याच आग्रहाने करू या.